सतरा नंबरच्या झाडाची कानातली

२ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून दोन वह्या. निळी वही शेडची. तिच्यात रोज लिहायचं, पाणी किती घातलं, पंखे चालू होते का, झाडं कशी आहेत. ती दवाखान्याच्या फार्मासिस्टबाई वाचणार. ही दुसरी माझी, ती कुणीच वाचणार नाही. प्रचुआप मास्तर म्हणाले, याय, एक वही पुरे की. (गावात लहानथोर सगळे मला याय म्हणतात, आजी. माझी नातवंडं बँकॉकला, इथे फुकटची.) मास्तर गटाचे प्रमुख आहेत, पण बाईमाणसाच्या पोटात किती साठतं ते त्यांना काय ठाऊक.

कालच्या बैठकीत मला फुलांची राखणदार केलं. तेरा बायकांचा गट, त्यात माझंच नाव निघालं. शेजारची बुआलाय म्हणते, बाकीच्यांना भातकापणीला जायचं होतं म्हणून. जळते ती. चाळीस वर्षं जळतेय आणि रोज माझ्याकडेच जेवायला येते.

काम सोपं आहे. शेडमध्ये गांजाची चाळीस झाडं, सगळ्या माद्या, फुलावर आलेल्या. दुखण्यानं ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी दवाखाना या फुलांचं तेल काढतो. फूल बिनबियांचं हवं. बी धरलं की झाडाचा सगळा जोर बियांत जातो आणि तेल उतरत नाही. तीस तारखेला नारुमोनबाई, त्याच फार्मासिस्ट, येणार आणि फुलं फोडून बघणार. बी नसलं तर दरवर्षीचा करार आमचा. बी निघालं तर करार पलीकडच्या दोन-साय गावाला. म्हणजे पपईच्या कोशिंबिरीत साखर घालणाऱ्या बायकांना. तसं होऊ देणार नाही.

मास्तरांनी परत एकदा समजावलं. पेरापाशी पांढरे केस दिसले तर मादी. बारीक हिरवा गोळा देठाला लोंबत असला आणि त्याला केस नसले तर नर. एकाच झाडावर दोन्ही दिसलं तर सगळ्यात वाईट. मादी म्हणून आपण तिला ठेवतो आणि ती आतल्या आत सगळ्या शेडला पराग वाटत बसते. तसं दिसलं की त्याच दिवशी पंखे बंद करायचे, झाड पाण्यानं भिजवायचं म्हणजे पराग मरतो, वरून पिशवी घालायची आणि मुळासकट बाहेर. मास्तरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, पट्टी आहे, म्हणून हे माझ्याकडे आलं. भिंगही दिलं. म्हटलं, कशाला. मी गावात कितीतरी बाळंतपणं केली, पोट बघून मुलगा की मुलगी सांगायची. निम्म्या वेळा बरोबर यायचं.

नेम: रोज सकाळी सहाला चाळीसच्या चाळीस झाडं, प्रत्येक पेर.

३ नोव्हेंबर

सहाला शेडमध्ये. अकरा झाडं झाली. तेवढ्यात बुआलाय चिकट भाताची टोपली घेऊन आली, बरोबर निखाऱ्यावरचा मासा. हा भात गार झाला की दगड होतो, त्याला थांबवता येत नाही. झाडं थांबतात.

उरलेली एकोणतीस उद्या. निळ्या वहीत: सगळं ठीक.

५ नोव्हेंबर

शेडच्या मागच्या कोपऱ्यात खांबावर जागेच्या राखणदाराचं देवघर आहे. सण तीन दिवसांवर, आणि बिचारा अंधारात. बाजारातून दिव्यांची माळ आणली, लाल-हिरवी, लुकलुकणारी. गुंडाळली. बघतच राहावं असं झालं. रात्रभर चालू ठेवणार.

मास्तरांनी सांगितलं आहे की फुलावरच्या झाडांना रोज रात्री बारा तास मिट्ट काळोख हवा, टॉर्चसुद्धा मारायची नाही. पण तो माणसाचा उजेड. हा देवाचा. शिवाय मध्ये जाळी आहे. मी आत जाऊन हात धरून बघितला, हाताच्या रेषासुद्धा दिसत नव्हत्या. म्हणजे जवळजवळ दिसत नव्हत्या.

राखणदार खूश तर शेड खूश. हे मास्तरांच्या पुस्तकात नसणार.

७ नोव्हेंबर

सतरा नंबरच्या झाडाचं नाव मी नायिका ठेवलं. इतर झाडं उंच आहेत, ही देखणी आहे. फांद्या कशा, मानेला झोक कसा, अगदी सात वाजताच्या सिरियलमधल्या बाईसारखी, जिला सासू छळते. देवघराच्या सगळ्यात जवळ तीच. अर्धा तास तिच्यापाशीच गेला. बाकीची झाडं लांबून बघितली, तब्येत चांगली वाटली.

मास्तर म्हणाले होते, झाडांना नावं ठेवू नका. का, ते सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर

तीन दिवस सण. केळीच्या खोडाच्या होड्या केल्या, फुलं लावली, नदीत सोडल्या. माझी होडी सगळ्यात लांब गेली. बुआलायची काठालाच फिरत बसली. मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले, तरी तिला राग आला.

शेडमध्ये जायला झालं नाही. निळ्या वहीत तिन्ही दिवसांचं एकदम लिहून टाकलं. सगळं ठीक, सगळं ठीक, सगळं ठीक.

१२ नोव्हेंबर, सकाळ

नायिकेच्या खालच्या दोन पेरांवर काहीतरी आलंय. हिरवे, बारीक, गोल. तीन. शेजारीच पांढरे केस आहेत, म्हणजे मादी तर आहेच. मग हे काय. बराच वेळ बघितलं.

कानातली आहेत. ऐटीत आली की झाडंही नटतात.

बुआलायला दाखवलं. तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, ताई, ही कानातली नव्हेत. तुझ्या नायिकेला मिशी फुटलीये. मी म्हटलं, मग मलाही साठीनंतर हनुवटीवर केस आलेत, तुलाही आलेत, तुला तर माझ्यापेक्षा जास्त. आपल्याला कुणी उपटून पिशवीत घातलं का. ती म्हणाली, आपल्यामुळे कुणाचा करार जात नाही.

तीस तारखेला अठरा दिवस.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

ठरलं. उद्या तीन गोळे चिमट्यानं काढून टाकायचे. गोळे गेले की मादी उरली. मास्तरांना सांगायची गरज नाही, त्यांच्या डोळ्याला ताण नको.

१३ नोव्हेंबर

भुवया कोरायच्या चिमट्यानं काढले. तीन नव्हते, सात होते. सगळं नियमानं केलं. झाड भिजवलं, हात धुतले. पंखे तेवढे बंद केले नाहीत, आत फार उकडतं, चष्म्यावर वाफ धरते. (चष्मा घातला होता, पण तो फक्त चिमट्यासाठी.) एक गोळा आधीच उललेला होता, बोटावर पिवळी पूड आली. कपड्याला पुसली.

निळ्या वहीत: सगळं ठीक. हे खोटं नाही, मी लिहिलं तेव्हा ठीक झालेलं होतं.

१४ नोव्हेंबर

आज नऊ नवे.

बुआलायला शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही. तिनं फक्त दोघींना सांगितलं. त्या दोघींना शपथ घातली नव्हती, हे माझंच चुकलं. दुपारी पाच बायका दारात. म्हणाल्या, याय, एकाच झाडात नवरा-बायको दोन्ही आलेत, असं कुणी पाहिलंय का. परवा लॉटरीचा निकाल. एवढी खूण समोर आली आणि आपण नंबर मागितला नाही तर झाड काय म्हणेल.

मी नाही म्हणणार होते. पण दोन डोकी असलेलं केळफूल आलं तेव्हा, पाच पायांचं वासरू झालं तेव्हा, दरवेळी आकडा उमटवायला मीच सगळ्यांच्या पुढे पावडर घेऊन पळालेली. आता माझ्याच शेडमध्ये आलंय तर नाही कुठल्या तोंडानं म्हणू.

उद्या या म्हटलं.

१५ नोव्हेंबर

काय मजा आली. उदबत्त्या, लाल सरबताची बाटली, फुलांचे हार. नायिकेच्या खोडाला पाच रंगांचं कापड बांधलं, मीच बांधलं. मग सगळ्यांनी मिळून टाल्कम पावडर खोडाला चोळली आणि आकडा शोधत बसलो. कुणी पानं बाजूला धरतंय, कुणी फांदी हलवून बघतंय. पंखे चालू, पावडर सगळ्या शेडभर उडाली. पांढरी होती, थोडी पिवळीही वाटली. बुआलायला शिंका आल्या. त्या शुभ मानायच्या की नाही यावर वाद झाला.

खोडावर एकाहत्तर दिसला. सगळ्यांना दिसला, म्हणजे मला दिसला आणि मग सगळ्यांना.

आणि एक चांगली गोष्ट झाली. कापड बांधलेल्या झाडाला आता कुणी हात लावू शकत नाही. मीसुद्धा नाही. म्हणजे उपटायचा प्रश्नच मिटला. मला बारा तारखेपासून इतकं हलकं वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

निकाल लागला. आले सतरा.

एकाहत्तर आणि सतरा. झाडानं बरोबर सांगितलं होतं, आम्ही उलटं वाचलं. शिवाय नायिकेचा नंबरच सतरा, तो पाटीवर लिहिलेला होता आणि आम्ही पाटीच्या खाली पावडर चोळत होतो. पण झाडावरचा विश्वास सगळ्यांचा वाढला. एक तारखेच्या निकालाला परत यायचं म्हणतात.

१८ नोव्हेंबर

मास्तर आले, एका डोळ्यानं. दारापाशीच थांबले. म्हणाले, याय, या झाडांचे केस आत्ताच लाल कसे पडले, पराग लागल्यासारखे. अजून तीन आठवडे पांढरे राहायला हवेत. मी म्हटलं, माझ्या हाताला गुण आहे, लवकर पिकतायत. मग कापड दिसलं. हे कुणी बांधलं म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनीही हात जोडले, सवयीनं.

मग विचारलं, एखादं नर दिसलं का. मी म्हटलं, नाही. नायिका नर नाहीच, बाई आहे. म्हणजे हेही खोटं नाही.

जाताना देवघराची माळ बघितली. ही रात्रभर चालू असते का. म्हटलं, देव रात्री झोपतो का. मास्तर ओट्यावर बसलेच. म्हणाले, अहो याय, मादीची झोप रोज मोडली की ती घाबरते. तिला वाटतं, दिवस काही खरे नाहीत, नर काही येत नाही, आपला वंश बुडणार. मग ती एकटीच दोघांचं काम करायला घेते. मादीच्याच अंगावर नराची फुलं काढते. असं कुठे दिसलं तर मला लगेच सांगा. तेरा घरांचं वर्षाचं काम आहे हे.

मी मान हलवली.

ते गेल्यावर नायिकेपाशी जाऊन बसले. आमचे हे गेले तेव्हा धाकटी अंगावर पीत होती. शेतात रेड्यामागे मी, तळ्यात जाळं टाकायला मी, थोरलीच्या लग्नात बापाच्या जागी बसले तीही मीच. घाबरलेच होते की. झोप कुठे लागत होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही, ही दोन्ही झालीये, हिला काढा.

माळ काढून टाकली. कारण गेलं, आता ती आपोआप सुधारेल. नेम: आजपासून पूर्ण काळोख.

२० नोव्हेंबर

सुधारलेली नाही.

भिंग घेतलं. मास्तरांना बरं वाटावं म्हणून. फुलाच्या आत, केसांच्या मधून, पिवळ्या पिवळ्या बारीक फण्या निघाल्यात, केळ्यांच्या घडासारख्या. याला गोळासुद्धा नाही, उघडी पूड. चिमट्यानं किती काढणार. एक काढली की दोन दिसतात. भिंग नव्हतं तेव्हा बरं होतं.

मग बाविसावं झाड बघितलं. त्याच्यावर नर काही नाही, पण फुलं फुगलीत, टपोरी. छान वाटली. मग छान वाटेना.

दहा दिवस.

२१ नोव्हेंबर

विहारात गेले. मोठ्या भंतेंना विचारलं, कापड बांधलेलं झाड काढायचं असेल तर काय करावं. ते झाडलोट करत होते. म्हणाले, बाई, बांधताना मला विचारलं होतं का. म्हटलं, नाही. झाडाला विचारलं होतं का. नाही. मग सोडताना कशाला विचारतेस. ज्या गाठी स्वतः मारल्या त्या सोडायला स्वतःचीच बोटं लागतात.

मी म्हटलं, पाप लागेल का. म्हणाले, ते मला नाही माहीत, पण इथे उभी राहिलीस तेवढ्या वेळात गाठ सुटली असती. आणि पुढे झाडत गेले.

उद्या नक्की.

२२ नोव्हेंबर

आज अमावस्येच्या आसपास आहे. चांगला दिवस नाही.

२३ नोव्हेंबर

काढली.

सगळं पुस्तकातल्यासारखं केलं. पंखे बंद. कापड सोडलं. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातानं सोडवली. वरपासून खालपर्यंत भिजवलं. मोठी काळी पिशवी घातली, तोंड बांधलं, मुळासकट उपटली, मागच्या बाजूला खड्ड्यात पुरली. मग अंघोळ, कपडे पाण्यात. इतकं नीट काम गटात कुणी केलं नसतं. मास्तरांनी बघायला हवं होतं, पण बघितलं नाही ते बरं.

अकरा दिवस उशीर झाला असं बुआलाय म्हणते. ती बारा तारखेपासून मोजते. मी वीसपासून मोजते, तेव्हा मला खरं कळलं.

निळ्या वहीत: एक झाड काढलं, तब्येत बरी नव्हती. बाकी सगळं ठीक.

२६ नोव्हेंबर

बाविसाव्या झाडाचं एक फूल नखानं दाबलं. आतून हिरवं, मऊ, दुधासारखं काहीतरी आलं. मोहरीएवढं. डासाचं अंडं असेल.

अठ्ठावीस नंबरमध्ये पण डासाचं अंडं. तेहतीसमध्ये पण.

बसले.

बुआलाय भात घेऊन आली तर मी जमिनीवरच. तिनं माझ्या हातातलं फूल घेतलं, दाबलं, बघितलं. वाटलं आता तोंड सोडेल. तिनं टोपली खाली ठेवली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, ताई, चार दिवस आहेत. तुझा तो भुवयांचा चिमटा कुठाय.

२८ नोव्हेंबर

दोघी फुलं उकलून बिया काढतोय. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत. हात चिकट, काळे, साबणानं निघत नाहीत, खोबरेल लावून घासावे लागतात. दोन दिवसांत चार झाडं झाली. एकोणचाळीसपैकी चार.

बुआलाय म्हणते, फुलं नाहीत, पिसं काढलेली कोंबडी दिसते. मी म्हटलं, बारीक झाली, पण स्वच्छ झाली. ती म्हणाली, नारुमोनबाई काय आंधळ्या आहेत का. मी म्हटलं, नाहीत, पण शिकलेल्या आहेत. शिकलेली माणसं दारापाशी उभी राहून बघतात, आत चिखलात येत नाहीत. आपण पुढची ओळ करू. आठ झाडं.

हे एकदम पटलं. उगाच घाबरलो होतो.

२९ नोव्हेंबर

सहा झाली. सातवं अर्धं. बुआलायच्या मानेत लचक भरलीये. ती वाकडी मान घेऊन म्हणाली, मी चाळीस वर्षं तुझं ऐकतेय, एकदा तरी तुझं बरोबर आलंय का. मी आठवून बघितलं. वेळ लागत होता म्हणून सोडून दिलं.

मास्तर संध्याकाळी आले. त्यांची पट्टी काढलीये. आत आले नाहीत, म्हणाले उद्याच बघतो सगळ्यांबरोबर, तुमच्यावर आहेच माझा विश्वास.



३० नोव्हेंबर

लिहिते आहे, कारण नाही लिहिलं तर उद्या मला वेगळं आठवेल.

दहाला नारुमोनबाई आल्या. लहानखुऱ्या, हातमोजे, पायात रबरी बूट. बूट बघितले तेव्हाच मी समजले की आत येणार. आम्ही तेराही जणी नवे विणलेले निळे कपडे घालून उभ्या. बुआलाय मान वाकडी करून. मास्तर दोन्ही डोळ्यांनी.

बाई पुढच्या ओळीसमोर थांबल्या, त्या पिसं काढलेल्या झाडांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या आणि हसून म्हणाल्या, याय, ही झाडं तुम्ही वाढवलीत, तुम्हाला ती पोरांसारखी माहीत असणार. मी उगाच उलथापालथ करत नाही. तुम्हीच एक फूल निवडून द्या, तुमच्या मते सगळ्यात चांगलं. तेवढं मी फोडून बघते.

बुआलायनं मागून माझा कपडा ओढला. पुढची ओळ, पुढची ओळ.

मला कळत होतं. दोन पावलांवर सोललेलं फूल होतं, स्वच्छ. पण सगळ्यात चांगलं म्हटल्यावर ते मरतुकडं फूल कसं हातात द्यायचं. बाकीच्या बारा बायकांसमोर, मास्तरांसमोर. माझी म्हणून काही लाज आहे. मी सरळ आत गेले, बाविसाव्यापाशी. त्यावर एक फूल होतं, मुठीएवढं, टपोरं, इतकं भरलेलं की फांदी वाकली होती. मनात म्हटलं, चाळिसात एखादं तरी असेल ज्यात नाही. हेच असेल. इतकं देखणं आहे.

बाईंनी पांढरा कागद पसरला आणि फूल दोन बोटांनी उकललं. टप. मग टप टप. हिरव्या, काही तपकिरी व्हायला लागलेल्या. कागदावर त्या इतक्या मोठ्या वाजतील असं वाटलं नव्हतं. बाईंनी अजून तीन झाडांची फुलं बघितली, मग बघायचं थांबवलं.

कुणी ओरडलं नाही. बाईंनी हळूच विचारलं, याय, तुम्हाला कधीपासून माहीत होतं.

वीस तारीख म्हणायला मी तोंड उघडलं. बारा तारखेपासून, असं बाहेर आलं. माझंच तोंड, मला न विचारता.

बाईंनी निळी वही मागितली. उभ्याउभ्या वाचली, पहिल्या पानापासून. सगळं ठीक, सगळं ठीक. पानं उलटायचा तेवढा आवाज. मग वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली, वाकून, मोठ्या माणसाला देतात तशी. त्यापेक्षा तोंडात मारली असती तर चाललं असतं.

मास्तर एवढंच म्हणाले, मला सांगायचं होतंत हो. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर एक झाड गेलं असतं.

२ डिसेंबर

करार दोन-सायला गेला. झाडं कापली. बायकांनी पानं वाटून घेतली, कोंबडीच्या रश्श्यात घालायला. प्रत्येकीनं मला विचारलं, याय, तुला हवीत का. सगळ्या गोड बोलत होत्या. कापणीच्या दिवसांत वेळ काढून त्यांनी ती शेड बांधली होती, बांबू डोक्यावरून वाहून.

कालच्या लॉटरीची कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

बुआलाय जेवायला आली नाही. मान दुखत असेल.

३ डिसेंबर

आजही नाही. मान फारच दुखत असेल.

४ डिसेंबर

मास्तरांना नारुमोनबाईंचा फोन आला. दोन-सायच्या बायका नव्या आहेत, त्यांची लावण आपल्या महिनाभर मागची, आता फुलं धरतायत. यायना उद्या तिकडे पाठवा, त्यांनी काय काय झालं ते तारखेवार सांगावं.

बघा. दवाखान्यानं बोलावलं, शिकवायला. शेवटी अनुभवी माणसाची गरज लागतेच. चांगला कपडा काढून ठेवला.

बुआलाय दारात आली, टोपली घेऊन. म्हणाली, ऐकलं मी. ताई, ते तुला शिकवायला नेत नाहीयेत, दाखवायला नेतायत. दुकानात फुटकं मडकं ठेवतात ना, असं घेऊ नका म्हणून, तसं. मी म्हटलं, मडकं तरी त्यांना आपल्याच गावचं लागतं. ती हसली नाही, पण भात वाढला. उद्या मोटारसायकलवर मागे बसून येते म्हणाली, तू काय बोलतेस ते मला ऐकायचंय.

५ डिसेंबर, दुपारनंतर

दोन-सायला जाऊन आले. चौदा बायका, चटया घालून बसलेल्या. मी सगळं सांगितलं. माळ, कानातली, चिमटा, पावडर, कापड. चांगलं सांगितलं, दोनदा सगळ्या हसल्या. त्यांच्या फुलांची राखणदार विलाय नावाची बाई, पन्नाशीची, न हसता लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, आजी, बारा तारखेलाच का नाही उपटलंत.

मी म्हटलं, पाणी मिळेल का.

मग शेड बघायला गेलो. भिंग माझ्याच हातात होतं, विलायनं मानानं दिलं. दारापासून तिसरं झाड. चांगलं वाढलेलं, मानेला झोक. खालच्या पेरापाशी पांढरे केस, आणि त्यांच्या शेजारी दोन हिरवे गोळे, देठाला लोंबणारे. अजून न उललेले. आसपास कुणालाच दिसले नव्हते.

बुआलायला दिसले. ती माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, ताई, गप्प बस. काही करू नकोस, नुसती गप्प बस. पंधरा दिवसांत यांची फुलं आपल्यासारखी होतील आणि करार परत आपल्याकडे. मग तिनं सुपारी-पान तोंडात टाकलं आणि दुसरीकडे बघायला लागली, जशी इथली नव्हेच.

मी गप्प बसले. गप्प बसणं मला नवं नव्हतं, अठरा दिवस बसलेच होते. सोपं असतं ते. भिंगातून बघितलं, अजून एकदा बघितलं. झाड छान होतं. बिचारीची झोप कशानं मोडली असेल कुणास ठाऊक. मनात आलं, कानातली असतील. खरंच आलं.

विलाय पुढच्या झाडाकडे निघाली होती.

म्हटलं, विलाय, पंखे बंद कर गं.

तिनं विचारलं नाही का म्हणून. येऊन बघितलं, नुसतं हं म्हणाली. पंखे थांबले. एकीनं पाण्याची फवारणी आणली, एकीनं पिशवी. विलायनं झाड भिजवलं, पिशवी घातली, तोंड बांधलं, दोन्ही हातांनी मुळासकट ओढलं आणि बाहेर घेऊन गेली. परत आली, हात धुतले, आणि चौथ्या झाडापाशी उकिडवी बसून पानं उलटायला लागली.

मी घड्याळ बघितलं नाही. पण बुआलायच्या तोंडातलं पान अजून चघळून झालं नव्हतं.

एवढंच काम होतं ते.